पदव्युत्तर लेखाशास्त्राचा अभ्यासक्रम कसा निवडावा आणि लेखा व्यवसायाची सुरुवात कशी करावी

लेखाशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे ठरवलेले बरेच विद्यार्थी आधी विद्यापीठांची यादी काढतात, मग शुल्क आणि क्रमवारी पाहतात, आणि प्रवेश पक्का झाल्यावर, काही वेळा तर पदवी हातात पडल्यावर, लेखापरीक्षण अहवालावर सही करण्याचा अधिकार आपल्याला नेमका कशाने मिळणार याची चौकशी सुरू करतात. हा क्रम उलटा आहे. सही करण्याचा अधिकार विद्यापीठ देत नाही. तो त्या त्या देशातील व्यावसायिक संस्था किंवा परवाना मंडळ देते, आणि त्यासाठीची परीक्षा, अनुभव व शैक्षणिक पात्रता यांच्या अटीही तीच ठरवते. म्हणून आधी कोणत्या देशात काम करायचे ते ठरवावे, मग तिथला परवाना कोणता ते पाहावे, त्यानंतर कामाचा प्रकार निश्चित करावा आणि विद्यापीठाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

परवान्याच्या अटी आधी वाचाव्यात

या अटी देशागणिक किती वेगळ्या असतात हे दोन-तीन उदाहरणांवरून लक्षात येईल. अमेरिकेत सीपीए (सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट) हा परवाना राज्याचे मंडळ देते आणि तिथे दीर्घकाळ 150 सेमिस्टर तासांच्या (शिक्षण मोजण्याचे तिथले एकक) शिक्षणाची अट होती. साधारण पदवी 120 तासांची असते. उरलेल्या 30 तासांसाठी एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम अगदी बरोबर बसतो, आणि तिथे असे एक वर्षाचे अभ्यासक्रम इतके रुजण्यामागे हा हिशेब मोठ्या प्रमाणात आहे. मात्र 2025 पासून ओहायोसह अनेक राज्यांनी पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असा पर्यायी मार्ग कायद्याने मान्य केला आहे, त्यामुळे केवळ तास भरून काढण्यासाठी पदव्युत्तर पदवी घेणाऱ्याने आपल्या राज्याचा आजचा नियम वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. भारतात चार्टर्ड अकाउंटंट होण्यासाठी पदव्युत्तर पदवीची अट मुळीच नाही. फाउंडेशन, इंटरमीजिएट आणि फायनल अशा तीन टप्प्यांच्या परीक्षा आणि 2023 च्या नव्या योजनेनुसार दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंटच्या हाताखालील प्रशिक्षण, हा तिथला मार्ग आहे, आणि वाणिज्य शाखेच्या पदवीधराला किमान 55 टक्के गुण असल्यास फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो. लंडनमध्ये 1904 साली सुरू झालेल्या एसीसीए या लेखापालांच्या व्यावसायिक संस्थेच्या सध्याच्या रचनेत 13 परीक्षा, नीतिमत्तेचा एक स्वतंत्र भाग आणि 36 महिन्यांचा अनुभव लागतो. आधीच्या पदवीनुसार यांपैकी कमाल 9 परीक्षांतून सूट मिळू शकते. सूट किती मिळेल हे पदवीच्या नावावर ठरत नाही, ती विशिष्ट विद्यापीठाच्या विशिष्ट अभ्यासक्रमाला दिली जाते. त्यामुळे एकाच शहरातल्या दोन विद्यापीठांत एकच नाव असलेली पदवी घेणाऱ्या दोघांना मिळणारी सूट वेगवेगळी असू शकते.

आद्याक्षरांच्या बाबतीतही सावध राहावे. अमेरिकेतला सीपीए हा राज्याने दिलेला परवाना आहे, ऑस्ट्रेलियातला सीपीए हे एका व्यावसायिक संस्थेचे सभासदत्व आहे, आणि कॅनडातला सीपीए हा तिथल्या तीन जुन्या पात्रता एकत्र करून झालेला आहे. सीएमए ही अक्षरे अमेरिकेतील व्यवस्थापन लेखापालांची संस्था वापरते आणि भारतातील परिव्यय लेखापालांची संस्थाही वापरते; दोन्हींचे अभ्यासक्रम, परीक्षा आणि कायदेशीर अधिकार निराळे आहेत. अमेरिकन सीएमएला दोन परीक्षा, पदवी आणि दोन वर्षांचा सलग अनुभव पुरतो, पण त्या पात्रतेने लेखापरीक्षण अहवालावर सही करता येत नाही. भारतीय सीएमएला मात्र परिव्यय लेखापरीक्षणाचा अधिकार कायद्याने मिळतो. जाहिरातीत आद्याक्षरे दिसली की ती कोणत्या संस्थेची आहेत हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पदव्युत्तर पदवी कोणाला खरोखर हवी

माझ्या मते तीन प्रकारच्या विद्यार्थ्यांना ती निश्चित उपयोगी पडते. पहिला, ज्याची मूळ पदवी अभियांत्रिकी, साहित्य किंवा विज्ञान यांसारख्या वेगळ्या विषयातली आहे आणि ज्याला लेखाशास्त्राचा पाया पद्धतशीर घालायचा आहे. दुसरा, ज्याच्या परवान्याच्या अटींमध्ये शिक्षणाचे तास किंवा ठरावीक विषय कमी पडत आहेत. तिसरा, ज्याला पुढे संशोधन किंवा अध्यापन करायचे आहे. या तिघांत न बसणाऱ्या, वाणिज्य शाखेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या आणि व्यावसायिक परीक्षा थेट देऊ शकणाऱ्या विद्यार्थ्याने आणखी दोन वर्षे वर्गात बसण्याऐवजी नोकरी धरून परीक्षा दिल्या, तर तो बहुतेक वेळा लवकर आणि कमी खर्चात त्याच ठिकाणी पोहोचतो. हे विद्यापीठाच्या प्रवेश विभागाकडून ऐकायला मिळण्याची शक्यता अर्थातच कमी आहे.

अभ्यासक्रमाच्या नावांनीही गोंधळ होतो. एम.कॉम., लेखाशास्त्रातील एम.एस्सी., मास्टर ऑफ अकाउंटन्सी, करशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि लेखाशास्त्राची विशेष शाखा असलेली एम.बी.ए. यांत फरक आहे. एम.बी.ए. ही व्यवस्थापनाची पदवी असून तिच्यात लेखाशास्त्राचे विषय मोजके असतात. काही वर्षे काम केल्यानंतर वित्त विभागाचे नेतृत्व करायचे असेल तर ती योग्य, पण परवान्याच्या परीक्षेची तयारी म्हणून ती महाग आणि अपुरी ठरते. करशास्त्राची विशेष पदवी ज्या देशाचा करकायदा शिकवते त्या देशाबाहेर तिचा उपयोग फारच मर्यादित राहतो, म्हणून पुढे देश बदलण्याचा विचार असणाऱ्याने ती विचारपूर्वकच घ्यावी.

माहितीपुस्तिका लेखापरीक्षकाच्या नजरेने वाचावी

माहितीपुस्तिका ही विद्यापीठाने स्वतःविषयी स्वतः लिहिलेली, कोणीही न तपासलेली विधाने असतात, आणि ज्याला लेखापरीक्षक व्हायचे आहे त्याने पहिले लेखापरीक्षण याच कागदांचे करावे. सुरुवात विषयांच्या यादीपासून करावी. ज्या परीक्षेला बसायचे आहे तिचा अधिकृत अभ्यासक्रम एका बाजूला आणि विद्यापीठाचे विषय दुसऱ्या बाजूला असा तक्ता मांडला, की कोणता भाग शिकवला जातो, कोणता निसटतो आणि कोणता दोनदा येतो ते एका संध्याकाळीत दिसते. अमेरिकन सीपीए परीक्षेची रचना जानेवारी 2024 पासून बदलली. आता वित्तीय लेखांकन, लेखापरीक्षण आणि करविषयक नियम असे तीन भाग सर्वांना अनिवार्य आहेत आणि चौथा भाग तीन पर्यायांतून निवडावा लागतो, ज्यांत माहिती प्रणाली व नियंत्रणे हा एक पर्याय आहे. एखाद्या विद्यापीठाची विषयरचना अजूनही जुन्या परीक्षेला धरून असेल, तर ती अद्ययावत करण्याची त्यांना निकड वाटलेली नाही असे खुशाल समजावे.

लेखा मानकांवरून हीच परीक्षा आणखी नेमकेपणाने घेता येते. आयएफआरएस (आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानके) यांतील 18 क्रमांकाचे, आर्थिक विवरणपत्रांच्या मांडणीचे नवे मानक एप्रिल 2024 मध्ये प्रसिद्ध झाले असून ते 1 जानेवारी 2027 पासून सुरू होणाऱ्या वार्षिक कालावधींना लागू होते. नफा-तोटा पत्रकातील उत्पन्न व खर्चाची विभागणी त्यामुळे बदलते. वित्तीय अहवालाच्या विषयात हे मानक कोणत्या सत्रात आणि किती तास शिकवले जाते, असा एकच प्रश्न विभागाला लेखी विचारावा. उत्तर येण्यास लागलेला वेळ, उत्तर देणारी व्यक्ती आणि उत्तरातील नेमकेपणा या तिन्ही गोष्टींतून विभागाविषयी पुष्कळ कळते. अमेरिकेत काम करायचे असेल तर तिथली मानके वेगळी आहेत आणि ती 1973 मध्ये स्थापन झालेले एफएएसबी हे मंडळ ठरवते, एवढे ध्यानात ठेवून त्यांसाठी वेगळा विषय आहे की नाही ते पाहावे.

मान्यतेचा शिक्का पाहताना तो कोणाला मिळाला आहे हे तपासावे. एएसीएसबी ही 1916 साली स्थापन झालेली संस्था व्यवसायशिक्षण देणाऱ्या संस्थांना मान्यता देते, आणि लेखाशास्त्रासाठी तिची एक वेगळी, अतिरिक्त मान्यताही आहे. संपूर्ण व्यवसाय विद्यालयाला मान्यता असणे आणि त्यातील लेखाशास्त्राच्या विभागालाही ही स्वतंत्र मान्यता असणे या दोन बाबी माहितीपुस्तिकेत अनेकदा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. परदेशातील पदवी आपल्या देशात ग्राह्य धरली जाते का, हा प्रश्न त्याहूनही महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर विद्यापीठाकडून न घेता पदवी ग्राह्य धरणाऱ्या संस्थेकडूनच घ्यावे.

सर्वांत जास्त काळजी लागते ती नोकऱ्यांच्या आकड्यांबाबत. समजा, वर्गात 60 विद्यार्थी होते, सर्वेक्षणाला त्यांपैकी 40 जणांनी उत्तर दिले आणि त्या 40 पैकी 36 जणांना नोकरी मिळाली होती. माहितीपुस्तिकेत 90 टक्के छापले जाईल, पण नोकरीची खात्री केवळ 60 टक्क्यांची देता येते. छेद कोणता घेतला हे विचारणे म्हणूनच आवश्यक आहे. सरासरी वेतनाचेही तसेच. दहापैकी नऊ जणांना 40 आणि एकाला 140 मिळाले तर सरासरी 50 येते, जी त्या नऊ जणांपैकी एकालाही मिळालेली नसते. मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र 40 दाखवतो. म्हणून मध्यक मागावा, नोकरी लेखाशास्त्रातलीच आहे का ते विचारावे, आधीच नोकरीत असलेले विद्यार्थी मोजले आहेत का याची चौकशी करावी, आणि शक्य असेल तर गेल्या दोन-तीन वर्षांत उत्तीर्ण झालेल्या चार-पाच जणांशी स्वतः बोलावे. विभागाने सुचवलेल्या माजी विद्यार्थ्यांऐवजी आपण शोधलेल्या माजी विद्यार्थ्यांशी बोलणे अधिक उपयोगाचे असते. लेखापरीक्षणातील नमुना निवडीचा नियमही असाच आहे: ज्याची तपासणी करायची त्यानेच नमुना निवडून दिला, तर त्या नमुन्याला अर्थ उरत नाही.

खर्चाचा हिशेब

शुल्क, राहण्याचा खर्च, पुस्तके आणि परीक्षा शुल्क यांची बेरीज सगळेच करतात. त्या काळात न मिळालेले वेतन मात्र बहुतेकजण धरत नाहीत. पूर्णवेळ अभ्यासक्रमात हा सर्वांत मोठा खर्चही असू शकतो. या सगळ्या बेरजेतून शिष्यवृत्ती वा अध्यापन साहाय्यकाचे मानधन वजा करावे, आणि जी रक्कम उरेल तिची तुलना पदवीमुळे वेतनात पडणाऱ्या वार्षिक फरकाशी करावी. येथे पूर्ण वेतन घेण्याची चूक होते; पदवी नसती तरी मिळालेच असते ते वेतन वजा करून उरलेला फरक तेवढाच धरावा. एकूण खर्च 100 एकके आणि करानंतरचा वार्षिक फरक 12 एकके असेल, तर साध्या भागाकाराने आठ वर्षे चार महिन्यांत खर्च वसूल होतो असे दिसते. पण तीच रक्कम 8 टक्के व्याजाने उभी केली असेल, तर प्रत्येक वर्षाच्या फरकाचे आजचे मूल्य काढल्यावर हा काळ 14 वर्षांहून अधिक होतो. ज्या विद्यार्थ्याला हा तक्ता स्वतःसाठी मांडायचा कंटाळा येतो, त्याने हा व्यवसाय आपल्याला आवडणार आहे का, याचाही शांतपणे विचार करावा.

नोकरी करत अर्धवेळ शिकण्याचा पर्याय याच कारणाने दुर्लक्षू नये. त्यात गेलेले वेतन शून्य असते आणि अनुभवाचा कालावधीही मोजला जातो. तोटा एवढाच की विद्यापीठात होणाऱ्या भरतीपासून विद्यार्थी दूर राहतो.

नोकरीची तयारी प्रवेशाबरोबरच सुरू होते

लेखा व्यवसायातील भरतीचे वेळापत्रक आर्थिक वर्षाच्या अखेरीवर फिरते. लेखापरीक्षण संस्थांचा गर्दीचा काळ वर्षअखेरीनंतरचे काही महिने असतो, त्यामुळे नवी माणसे त्यापूर्वी कामावर यावीत आणि त्यांची निवड त्याहूनही आधी व्हावी अशी त्यांची योजना असते. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी या चार मोठ्या संस्थांसह अनेक ठिकाणी प्रशिक्षणार्थींतूनच कायमची माणसे घेतली जातात. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की पहिल्या सत्राची पहिली परीक्षा होण्यापूर्वीच अर्ज करण्याची मुदत संपलेली असू शकते. प्रवेश निश्चित झाल्या दिवशीच भरतीच्या तारखा काढून ठेवाव्यात.

कामाचा प्रकार निवडताना पहिली दोन-तीन वर्षे लेखापरीक्षणात काढावीत, असे मी बहुतेकांना सुचवेन, कारण एवढ्या कमी काळात इतक्या वेगवेगळ्या व्यवसायांचे ताळेबंद आतून पाहण्याची संधी अन्यत्र क्वचित मिळते. ज्याला गर्दीच्या काळातले लांब दिवस मानवणार नाहीत त्याने उद्योगसंस्थेतील लेखा विभाग निवडावा. तिथे महिनाअखेरीस हिशेब बंद करणे, येणी-देणी जुळवणे आणि अंदाजपत्रक तयार करणे यांतून एकाच व्यवसायाचे खोल ज्ञान मिळते. करसल्ला हे वाचनप्रिय माणसाचे काम आहे, तर शासकीय लेखापरीक्षणात स्थैर्य अधिक आणि वेग कमी असतो.

मुलाखतीत पाठ केलेल्या व्याख्या फारशा विचारल्या जात नाहीत. नफा-तोटा पत्रक, रोख प्रवाह पत्रक आणि ताळेबंद ही तिन्ही विवरणपत्रे एकमेकांत कशी गुंतलेली आहेत हे उमेदवाराला समजले आहे का, ते पाहिले जाते. हमखास येणारा प्रश्न म्हणजे घसारा (मालमत्तेच्या झिजेपोटी धरलेला खर्च) 10 ने वाढला तर काय होईल. कराचा दर 30 टक्के असून करासाठीही तोच घसारा मान्य आहे असे धरले, तर नफा 7 ने कमी होतो. रोख प्रवाहात घटलेल्या 7 मध्ये रोख न लागणारा 10 चा खर्च परत मिळवल्याने रोख 3 ने वाढते. ताळेबंदात स्थिर मालमत्ता 10 ने घटते, रोख 3 ने वाढते, म्हणजे मालमत्ता एकूण 7 ने कमी, आणि दुसऱ्या बाजूला राखीव नफाही 7 ने कमी. हे उत्तर ज्याला कागदाशिवाय सांगता येते त्याची नावे-जमेची समज पक्की आहे असे मुलाखत घेणारा समजतो. साठा, तरतुदी आणि उधार विक्री यांवर अशीच उदाहरणे स्वतः रचून सोडवावीत.

एक्सेलवर चांगली पकड असणे गृहीतच धरले जाते. त्यापलीकडे पिव्होट टेबल व पॉवर क्वेरी ही एक्सेलमधलीच माहिती जुळवण्याची साधने आणि डेटाबेसमधून माहिती काढण्यापुरते एसक्यूएल एवढे आले, तर नवखा माणूस पहिल्या महिन्यापासून उपयोगी पडतो. सॅप किंवा ओरॅकल यांसारख्या हिशेबाच्या संगणक प्रणाली प्रत्यक्ष कामावर शिकता येतात. त्यांच्या महागड्या प्रमाणपत्रांसाठी आधी खर्च करण्याची गरज नाही.

पहिले वर्ष

पहिल्या वर्षी हाताला येणारे काम वरकरणी यांत्रिक वाटते: बँकेकडून शिल्लकीची लेखी पुष्टी मिळवणे, गोदामात साठामोजणीला हजर राहणे, मागणीपत्र, माल मिळाल्याची नोंद आणि बीजक ही तिन्ही एकमेकांशी ताडून पाहणे. त्यामागचा हेतू विचारल्याशिवाय ते करू नये. व्हाउचिंग आणि ट्रेसिंग यांतील फरक हे याचे उत्तम उदाहरण आहे. वहीतील नोंद घेऊन तिचे बीजक शोधले (व्हाउचिंग), तर नोंदवलेला व्यवहार खरोखर घडला होता का हे कळते; उलट बीजक हातात घेऊन त्याची वहीतील नोंद शोधली (ट्रेसिंग), तर घडलेला व्यवहार नोंदवायचा राहिला आहे का हे कळते. विक्री फुगवल्याचा संशय असेल तर पहिली दिशा उपयोगाची, देणी लपवल्याचा संशय असेल तर दुसरी. चुकीच्या दिशेने शंभर कागद तपासले तरी ज्या चुकीसाठी तपासणी चालली आहे ती सापडत नाही, आणि नवशिक्याने दिलेले कित्येक तास याच कारणाने वाया जातात.

कामाचे कागद लिहिताना आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानक 230 ची कसोटी डोळ्यांसमोर ठेवावी: त्या कामाशी आधी काहीही संबंध नसलेल्या अनुभवी लेखापरीक्षकाला केवळ कागद वाचून काय तपासले, काय आढळले आणि निष्कर्ष कशावरून काढला हे समजले पाहिजे. “तपासले, बरोबर आहे” एवढीच नोंद या कसोटीला उतरत नाही. कोणता नमुना घेतला, कोणत्या तारखेची कोणती कागदपत्रे पाहिली आणि फरक आढळला तर त्याचे स्पष्टीकरण कोणी दिले, हे सारे त्याच दिवशी लिहून ठेवावे, कारण आठवड्यानंतर ते आठवत नाही.

वरिष्ठांनी एखादी तपासणी न करताच ती झाल्याची खूण करायला सांगितली, तर ती करू नये. सचोटी, वस्तुनिष्ठता, व्यावसायिक क्षमता व योग्य दक्षता, गोपनीयता आणि व्यावसायिक वर्तन ही आंतरराष्ट्रीय आचारसंहितेतील पाच मूलतत्त्वे प्रशिक्षणार्थीला पाठ असतात. त्यांचा प्रत्यक्ष प्रसंग मात्र मोठ्या घोटाळ्याच्या रूपात क्वचितच येतो. तो येतो तो रात्री उशिरा, शेवटच्या दिवशी, कोणी तरी “एवढे एक टाकून दे” म्हणते तेव्हा. एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीचे हिशेबातील घोटाळ्याचे प्रकरण 2001 मध्ये बाहेर आल्यानंतर तिची लेखापरीक्षक असलेली आर्थर अँडरसन ही जगातील पाच सर्वांत मोठ्या संस्थांपैकी एक संस्था वर्षभरात व्यवसायातून बाहेर पडली, आणि त्या प्रकरणाशी काहीही संबंध नसलेल्या तिच्या हजारो कर्मचाऱ्यांना दुसरे काम शोधावे लागले. अशा प्रसंगी आपले म्हणणे शांतपणे पण लेखी नोंदवावे आणि संस्थेतील त्यावरच्या वरिष्ठाकडे जावे.

नियुक्तिपत्र स्वीकारण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा, आणि तो वेतनाचा नाही. परवान्यासाठी लागणारा अनुभव प्रमाणित करण्याचा अधिकार असलेली व्यक्ती आपल्या वरिष्ठांमध्ये आहे का, आणि मिळणारे काम त्या अनुभवाच्या व्याख्येत बसते का, याचे स्पष्ट उत्तर घ्यावे. कारण दोन-तीन वर्षे मनापासून काम केल्यानंतर त्यातले निम्मे महिने ग्राह्य नाहीत असे कळण्यासारखा मनस्ताप नाही. अनुभवाची नोंदवही पहिल्या महिन्यापासून ठेवावी, दर तीन महिन्यांनी तिच्यावर सही घ्यावी, आणि प्रमाणित करणारी व्यक्ती नोकरी सोडून जाणार असल्याचे कानावर आले, तर त्या आठवड्यातच तोपर्यंतच्या कामावर तिची सही मिळवावी.